तीन बगळे आणि सव्वीस आटे

जुनी सायकल जुळवणारा माणूस ओळखायला सोपा. त्याच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर असतो. आमच्या सोसायटीतले काका तो लग्नालाही नेतात. परवा पंगतीत जिलबीचं वेटोळं त्यांनी हळूच व्हर्निअरच्या जबड्यात धरलं आणि माझ्या कानाशी लागले, "साडेनऊ मिलिमीटर. थेट रॅलेचा कॉटर!" मग वाढप्याला थांबवून आणखी एक घेतली. पेडलचे दांडे जखडणारे कॉटर सायकलला दोन लागतात.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक अष्टविनायक करतात. काकांनी पुण्याचा जुना बाजार धरला. बुधवार आणि रविवार हे त्यांचे नेमाचे वार. तिथून नॉटिंगहॅमच्या रॅलेचा सांगाडा घरी आला, तेव्हा "आता फक्त बीबीचा कप बसवायचा," असं ते म्हणाले होते. त्याला चार वर्षं झाली. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो ती जागा. अडचण एवढीच, की दुकानात मिळणाऱ्या कपाला इंचाला २४ आटे आणि रॅलेला हवेत २६. नवा कप दीड फेरा गोडीनं आत जातो आणि मग रुसतो. एका मिस्त्रीनं "ठोकून बसवू का?" असं विचारलं, तर काका हल्ली त्याचं दुकान टाळून लांबच्या रस्त्यानं भाजीला जातात. शेवटी कपासाठी दुसरा सांगाडा घेतला. त्याची फ्रेम वाकडी निघाली, कप मात्र धड होते. काकूंच्या हिशेबात घरात दोन सायकली आल्या. काकांच्या हिशेबात दोन कप.

चेनव्हील मूळचं. त्यात तीन बगळ्यांच्या माना कोरलेल्या आहेत. दुकानदार म्हणाला, "नवीन टाका की, तेवढ्याच दात्यांचं आहे." काकांनी विचारलं, "आणि बगळे?" यावर व्यापारी माणूस काय बोलणार?

मग चेन. गिअरच्या बऱ्याचशा सायकलींची चेन पाऊण सुताची, बगळ्यांचे दाते सुताचे. पाऊण सुतात सूत मावत नाही. तीन महिने शोध चालला. खरं म्हणजे सुताची चेन रोज सकाळी आमच्याच फाटकात येऊन उभी राहायची, दूधवाल्याच्या सायकलवर. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतक्या सहज मिळणारी वस्तू लावायला त्यांचं मन धजत नव्हतं.

कॉटर बसवण्याचा दिवस मी डोळ्यांनी पाहिला. एक घासणी, एक फुंकर, मग डोळ्याशी धरून पाहणं. चपटी बाजू जरा जास्त घासली गेली, की एक पेडल सहाच्या काट्यावर आणि दुसरं पावणेबाराच्या. ठोकताना क्रँकला खालून आधार द्यावा लागतो, नाहीतर घाव थेट बीबीच्या छर्‍यांवर. आधाराला काकूंचा खल आला, ठोकायला बत्ता. पुढे महिनाभर त्यांच्या कोशिंबिरीतल्या कुटाला ग्रीसचा वास होता. आम्ही शेजारधर्म म्हणून खाल्ली.

गेल्या मंगळवारी सायकल रस्त्यावर आली. मागे स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब, ठेवण १९३६ची, अंगावर ६२ कोरलेलं. म्हणजे १९६२ सालचं. काका त्याला "पोरगं" म्हणतात. या पोराची एक खोड आहे. तार नीट ताणलेली नसली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये ते सगळ्यातून अंग काढून घेतं आणि पेडल नुसतं गरगर फिरतं. काका नेमके उभे राहून पेडल मारत होते.

आम्ही धावलो. काका रस्त्यावर बसून खिसा चाचपत होते. व्हर्निअर शाबूत होता. ढोपर नव्हतं.

"तार अर्धं सूत ढिली," ते आनंदानं म्हणाले. "हबातून येते ती इवलीशी साखळी मूळची नाही ना! उद्या वार कोणता?"

"बुधवार," हळद आणायला वळलेल्या काकू म्हणाल्या. "येताना खल आणा. आहे त्याला तडा गेलाय."