तुमच्याकडे नसेलच!

मैफलीच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, एक रसिक दुसऱ्याला हळूच विचारतो, ‘‘मग, सध्या काय ऐकताय?’’ भोळ्या माणसाला वाटतं, ही चौकशी आहे. ही तोंडी परीक्षा आहे. ‘‘काल रात्री भीमसेनांचा यमन लावला होता,’’ असं खरं बोलून बसलात, की समोरचा मान हलवतो. ती दाद समजू नका. नाडी पाहून झाल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे बघून हलवतात, ती मान.

उत्तर द्यायची रीत असते. भीमसेन चालतात, पण साठ सालाच्या आतले. कुमार हवेत तर आजारपणाआधीचे, म्हणजे १९४७ पूर्वीचे, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतले. ज्या कुमारांनी देवासला अंथरुणावर पडून आपल्या गाण्याचा नव्याने विचार केला, ते पुढचे कुमार सगळ्यांकडेच असतात, म्हणून बाद. किशोरीताईंचं ‘सहेला रे’ आवडतं, हे तर चारचौघांत बोलूच नये. ते शेजारच्या वहिनींनाही आवडतं. मालकंस म्हणायचाच झाला, तर संपूर्ण मालकंस म्हणावा. पाच स्वरांत यांचं भागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव घेतलंत तर पाठोपाठ ‘राग खोकर’ म्हणा; समोरचा दोन पावलं मागे सरकेल आणि वडा तुम्हाला आधी घेऊ देईल.

पण हुकमाचं पान वेगळंच. ते म्हणजे खासगी मैफल. बाजारात आलेली ध्वनिमुद्रिका कोणीही विकत घेतो, त्यात कसली आली रसिकता? ‘‘गिरगावातला दिवाणखाना, त्रेसष्टचा डिसेंबर, समोर जेमतेम वीस माणसं,’’ इथून सुरुवात होते. तबल्याला कोण होतं, पेटीवर आयत्या वेळी कोणाला बसवलं, बुवा किती उशिरा आले, आल्यावर काय मागितलं, सगळं तपशीलवार येतं. गायले कसे, तेवढं राहून जातं. कारण तोवर घंटा होते.

अशाच एका संग्राहकांच्या घरी जायचा योग आला. कपाट उघडलं तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला. कॅसेटींच्या पाठीवर हिरव्या शाईत राग, तारीख, गाव. काहींवर नुसतंच ‘अप्रतिम’. एक लावली. पहिली पाच मिनिटं तंबोरे जुळत होते, कोणीतरी खोकत होतं आणि मायक्रोफोनजवळचा एक आवाज दुसऱ्याला ‘सरका हो जरा’ म्हणत होता. यजमानांनी डोळे मिटले होते. पुढे बडा ख्याल झाला, द्रुत सुरू झाली, तान वर चढली आणि खट्! नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू उलटेपर्यंत सम येऊन गेलेली. यजमान डोळे न उघडता म्हणाले, ‘‘इथेच खरी जागा आहे.’’ जागा कुठली, ती तर टेपवर नाहीच! पण गेली तीसेक वर्षं ते ही तान इथपर्यंतच ऐकत आलेत. उद्या कोणी पूर्ण तान आणून दिली, तर त्यांना ती नकली वाटेल.

तबकडी कोणत्या वेगाने वाजवली की गवयाची खरी पट्टी लागते, या वादात मात्र मी या संग्राहकांच्या बाजूने आहे. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कापल्या जात असं नाही, आणि वाजवताना वेग सहा टक्क्यांनी वाढला की काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मुळातच टोकदार. त्यात ही सहा टक्क्यांची भर पडली, की ऐकणारा भलत्याच माणसाच्या प्रेमात पडतो. तेव्हा वेगावरून भांडा, अवश्य भांडा. फक्त अधूनमधून यंत्र चालू करून.

या शर्यतीचा शेवट कुठे होणार, हे उघड आहे. जितकं दुर्मीळ तितकं थोर, हे एकदा मान्य केलं, की सर्वांत थोर कोण? ज्याचं ध्वनिमुद्रणच नाही तो! अल्लादिया खाँ १९४६ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली. दोघांचीही एक तबकडी हाताला लागत नाही. म्हणून तर त्यांच्या गाण्याबद्दल कोणाचं दुमत नाही.

आता त्या खासगी मैफलीची प्रत मागून बघा. ‘‘बघू.’’ ‘‘डिजिटल करायला टाकायचीय.’’ ‘‘ज्यांनी दिली त्यांना शब्द दिलाय, बाहेर जाऊ देणार नाही म्हणून.’’ तो शब्द घेणारा स्वर्गात पोचून दोन दशकं झाली, पण शब्द म्हणजे शब्द. गाणाऱ्याला मात्र मुळात कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न चहाच्या रांगेत वर्ज्य स्वरासारखा टाळला जातो.

केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कोणाला सहज वश होणाऱ्या नव्हत्या. तरी त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली. साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, बाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान दोन हजार चारशे कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुई दिली, वेग किती ठेवायचा ते वेष्टनावर आकृत्या काढून दाखवलं. समोरचा कोण आहे, त्याला कान आहेत की नाहीत, त्याचं घराणं कोणतं, काही माहीत नसताना दिलं! आणि आपल्या दादरच्या काकांकडची केसरबाईंची मैफल सदाशिव पेठेत पोचत नाही.

बरं, नुसती राखून ठेवायची म्हटली तरी ती राहत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी येते, चुंबकी लेप सुटतो, स्पूलचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्पूल वाजवणारं यंत्र दुरुस्त करणारा कारागीर शोधायला निघालात, तर अनवट राग त्याहून लवकर सापडेल. आणि मग एक दिवस काका जातात, मुलगा परदेशातून पंधरा दिवसांची रजा घेऊन येतो, फ्लॅट रिकामा करायचा असतो. भंगारवाला कॅसेटी किलोवर घेतो. त्याला खोकर माहीत नसतो.

तेव्हा संग्राहकहो, एक विनंती. मुंबईच्या एनसीपीएकडे संगीताचा ध्वनिसंग्रह आहे. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं अर्काइव्ह आहे. लोकांचे खासगी संग्रह तिथे जतन केले जातात. ते सुरू झालं १९८२ साली, पुण्यातच, आणि पुढे दिल्लीकडे गेलं. पुण्याहून काय काय निसटतं, ते यावरूनही कळावं. या दिवाळीत फराळाआधी कपाट उघडा, यादी करा, या दोनपैकी एका ठिकाणी पत्र टाका. आणि घरी कोणी ऐकायला आलं तर त्याला पेन ड्राइव्ह आणायला सांगा.