पणजोबांचा वाघ

वनहक्काचा दावा लावायचा तर आमच्यासारख्या बिगर-आदिवासी घराला 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या जंगलाच्या आधाराने इथेच राहिल्याचं दाखवावं लागतं. 2006 च्या कायद्याने पिढी 25 वर्षांची धरली आहे. आमच्या पणजोबांना हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांचं लग्न मिसरूड फुटायच्या आत झालं आणि पुढच्या पिढ्याही घाईघाईनेच उगवल्या. म्हणून पिढ्या मोजून भागेना, 75 वर्षं मोजणं आलं.

आमच्या मुलचेऱ्यात वंशावळीचे प्रकार बरेच. गोंड मित्राच्या घराण्याची परधानाने किंगरीवर गायलेली. समोरच्या बंगाली दादांची पूर्व पाकिस्तानातून आल्यावर छावणीत मिळालेल्या कागदापासून सुरू होणारी. त्याच्या मागची माणसं त्यांच्या आईच्या तोंडी. आमच्याकडे किंगरी नाही, छावणी नाही. आत्या आहे.

आत्याच्या मते पणजोबांना वाघाने नेलं. पहाटे मोहफुलं वेचायला गेले, वाकले, आणि वाघाला वाटलं चितळ आहे. दर लग्नात हा वाघ हातभर वाढतो.

मी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढली. ऑक्टोबर 1929. मरणाचं कारण : ताप. सरकारला कारणाशी देणंघेणं नाही. पणजोबा इथेच मेले, एवढ्यावर ते खूश.

मी आत्याला म्हटलं, "मोह चैत्रात गळतो. ऑक्टोबरात पणजोबा काय वेचत होते?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. "मंग धान राखाले गेले असतीन."

इतक्या वर्षांचा वाघ मोहाखालून उठून निमूटपणे बांधीत जाऊन बसला. एवढी तयारी भल्याभल्या कादंबरीकारांत नसते.

खरं तर गोष्ट तापातच होती. आपलं नाव सापडलं की लोक नक्कल घडी करून खिशात घालतात. मी शेजारच्या नोंदीही वाचल्या. त्याच महिन्यात गावात तापाने आणखी माणसं गेलेली. त्यांत आमच्याच घरची एक लेक. नावाच्या जागी नुसतं 'मुलगी', पुढे बापाचं नाव. आमच्या वंशावळीच्या कागदावर तर तेवढीही जागा नव्हती. तिथे बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा.

2008 च्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. हे कळल्यावर आत्या नवं लुगडं नेसून वनहक्क समितीपुढे बसली. वाघ आला, पणजोबा गेले, सचिवाचं पेन थांबलं.

"वाघ लिहू का जी?"

"लिव. अन् त्या पोरीलेबी लिव."

"तिलाही वाघानंच?"

"नाही बाबू, तिले तापच लिव. एका घरात दोन वाघ कोन मानते?"