रिमोटवाला

"शेठ, माउस सोडा की वो!" असं फोनवर काकुळतीला येऊन ओरडणारा तरुण दिसला, की ओळखावं, हा रिमोटवाला. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या नि गुळाच्या दुकानांची टॅली हा गावभागातल्या खोलीत बसून सांभाळतो. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ या रिटर्नची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची. या दोन दिवशी तो एकादशीपेक्षा कडक असतो, म्हणजे जेवतच नाही. शेठ एनीडेस्क या रिमोट अ‍ॅपचे आकडे वाचून दाखवतात, 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतात, आणि दुकान याच्या हातात येतं. माउसचा बाण सापडला तर!

"बाण कुठंय, शेठ?"

"हा काय, इथंच की!" शेठ स्क्रीनवर बोट टेकवून दाखवतात.

"माउसला हात लावलाय का?"

"लावलाय कुठं? नुसता ठेवलाय."

त्या नुसत्या ठेवलेल्या हातानं अर्धी एंट्री उडालेली असते. तसा दोष एकट्या शेठचा नाही. पलीकडच्या स्क्रीनचं चित्र नेटवरून येणार. नेट रखडलं की बाणही रखडणार. त्यात मालक दोन, बाण एक. पलीकडचा बाण दिसावा म्हणून 'शो रिमोट कर्सर'वर टिक करावी लागते. ती राहिली, तर शेठच्या स्क्रीनवर मेनू आपोआप उघडताना दिसतात आणि याला घाम फुटतो. शिवाय लिहायच्या चौकटीत बाण गेला, की त्याची बारीक उभी काडी होते. ती शोधायला चष्म्याचा नंबरही कमी पडतो.

यावर त्यानं एक जालीम उपाय काढलाय. जोडणी मिळाली रे मिळाली, की आधी सेटिंग, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग माउस पॉइंटर. तिथं आकाराची पट्टी १ ते १५ पर्यंत जाते. हा ती मध्यावर ओढतो आणि रंग देतो पिवळाजर्द. हळदीच्या पेठेत दुसरा कुठला देणार? वर कंट्रोल दाबताच बाणाभोवती वर्तुळं उमटतील, अशीही सोय करून ठेवतो. विचारत मात्र कुणालाच नाही. पहिल्यांदा तो धष्टपुष्ट बाण पाहून एका शेठनं व्हायरस आला म्हणून कॉम्प्युटरच बंद केला होता. मोतीबिंदू झालेल्या दुसऱ्यानं घरच्या लॅपटॉपलाही तसाच मागितला. आता यार्डात कुणाचं गिऱ्हाईक कोण, हे बाणाच्या रंगावरून कळतं. दुसऱ्या सपोर्टवाल्यानं गिऱ्हाईक फोडलं, की तो पहिल्यांदा बाण पांढरा करतो.

त्याला एकदा सांगितलं, की १९६८ साली डग्लस एंगेलबार्टनं माउस जगाला दाखवला तेव्हा बाण सरळ उभा होता. पुढे झेरॉक्सच्या भरड ठिपक्यांच्या पडद्यावर तो ओळखू येईना, म्हणून तिथल्या संशोधकांनी तो तिरका केला. पडदा काळा-पांढरा होता, हेही सांगितलं. तरी तो म्हणाला, "हात घातलाच होता, तर तेव्हाच पिवळा करून टाकायचा!"

तेव्हा तुमच्याकडे असा कुणी रिमोटवर आला आणि 'माउस सोडा' म्हणाला, तर हात सरळ मांडीवर घ्या. काम झालं की जोडणी तेवढी आठवणीनं बंद करा. आणि रिटर्नची आठवण त्याला १९ तारखेच्या रात्री करून देऊ नका.