गाळणी कोण धुणार?

महाप्याच्या एमआयडीसीत कुठल्याही इमारतीत शिरा, सॉफ्टवेअरची असो की सर्किट बोर्डांची, तिथं एक काढेकाका असतातच. वय पन्नाशीच्या पुढं, पोट पट्ट्याच्या बाहेर चार बोटं, आणि खिशात पेनाच्या शेजारी एक चपटी डबी. डबीत काय आहे हे विचारायची सोय नाही, कारण विचारलं की ते आपल्या तळहातावर येतं. "जिभेवर ठेव. चावू नको. वर पाणी पिऊ नको." या तीन आज्ञा पुऱ्या होईस्तोवर आपला चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झालेला असतो आणि काका तो कौतुकानं न्याहाळत असतात. चव जितकी वाईट तितका गुण मोठा, हा त्यांचा पहिला सिद्धांत. दुसरा अजून ऐकण्यात नाही.

आमचे काढेकाका इलेक्ट्रॉनिक झोनमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. पंप, व्हॉल्व्ह, पाइप आणि गाळ यांत तीस वर्षं काढलेला माणूस शरीराकडं वेगळ्या नजरेनं बघणार तरी कसा? "शरीर म्हणजे आपला ईटीपी, सांडपाण्याचा प्लांट," ते कँटीनमध्ये सांगतात. "इनलेटला काय येईल ते आपल्या हातात नसतं. आउटलेट क्लिअर पाहिजे. आणि तळाचा गाळ वेळच्या वेळी उपसला नाही की मग बोंब." ऐकणाऱ्याच्या ताटात त्या वेळी पावभाजी असते. काकांच्याही असते.

क्वालिटीतल्या एका मुलीनं एकदा त्यांना समजावायचा प्रयत्न केला. ती बायोकेमिस्ट्री शिकून आलेली, त्यामुळं तिला राहवलं नाही. "काका, किडन्या दिवसाला जवळजवळ 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जेमतेम लिटर-दीड लिटर बाहेर टाकतात, बाकीचं परत आत घेतात. लिव्हरचं काम वेगळंच. सफाई चालूच आहे, तिन्ही शिफ्टमध्ये, ओव्हरटाइम न मागता." काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, पावाच्या तुकड्यानं ताटली पुसली आणि म्हणाले, "बरोबर आहे बाळा. पण मग ती गाळणी कोण धुणार?"

मुलगी गप्प. तिच्या पुस्तकात गाळणी धुण्याचा धडा नव्हता. तेव्हापासून हे वाक्य आमच्या मजल्यावर सगळ्याला चालतं. प्रिंटर अडकला, सर्व्हर बसला, साहेबांनी सुट्टी नाकारली, की कुणीतरी हळूच म्हणतं, गाळणी कोण धुणार.

पँट्रीतली केटल हे काकांचं औषधालय. काढ्याचं प्रमाण त्यांना तोंडपाठ आहे: काष्ठौषधींची भरड एक भाग, पाणी सोळा भाग, मंद आचेवर आटवत आणायचं ते अष्टमांश उरेपर्यंत. शार्ङ्गधरसंहितेत तसंच आहे. अडचण एवढीच की शार्ङ्गधराच्या काळात आपोआप बंद होणारी केटल नव्हती. पाणी खळखळलं की ती टक् करून बंद पडते. काका खटका पुन्हा दाबतात. पुन्हा टक्. पलीकडं ग्रीन टी करायला आलेली मंडळी कप हातात धरून रांगेत, आणि काका एका बोटानं खटका दाबून धरून उभे, जणू धरणाचा दरवाजाच रोखून धरलाय. शेवटी जे तयार होतं त्याला कुठलाही वैद्य काढा म्हणणार नाही, फार तर फांट म्हणेल. कडू चिराईत आणि कुटकीचा वास मात्र अस्सल असतो. तो केटलला इतका मुरला की एका सोमवारी साहेबांच्या कॉफीत उतरला. दुपारपर्यंत पँट्रीच्या दारावर सूचना लागली: केटलमध्ये पाण्याशिवाय दुसरं काहीही उकळू नये. कुणाचं नाव नव्हतं. काकांनी ती सूचना मन लावून वाचली आणि म्हणाले, "कोण उकळत असेल रे? मॅगीवाले असणार."

आता हे सगळं आयुर्वेदाच्या नावावर खपतं, म्हणून शास्त्राची बाजू मांडायला हवी. शास्त्र काकांपेक्षा फारच कडक आहे. शरीर शुद्ध करायचं तर पंचकर्मं आहेत: वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण. पण त्यांचे ऋतू ठरलेले. वमन वसंतात, विरेचन शरदात, बस्ती पावसाळ्यात. त्याआधी काही दिवस पोटात तूप, मग अंगाला शेक. नंतर लगेच जेवणावर तुटून पडायचं नाही, आधी पेज, मग जरा दाट पेज, असं पायरीपायरीनं वर यायचं. आणि या सगळ्याच्या आधी वैद्य बघणार की माणसाच्या अंगात तेवढं बळ आहे का. थकलेल्याला, अशक्ताला शोधन नाही. काकांना मात्र हे दोन मीटिंगांच्या मधे बसवायचं असतं.

त्यातही एक गोष्ट ते शिताफीनं गाळतात. पोटात न पचलेलं साचलं तर पहिला उपाय लंघन, म्हणजे जेवणच टाळणं. बिनपैशाचं औषध, कुठंही मिळतं. याची काकांना ॲलर्जी आहे. ते काहीही पितील, पण काही सोडायला सांगू नका. मिसळ खायची म्हणून आधी काढा, खाल्ली म्हणून नंतर त्रिफळा. मिलेनियम बिझनेस पार्कच्या आसपासच्या टपऱ्यांवर त्यांचं उधारखातं आहे आणि प्रत्येक वडापावासमोर मनातल्या मनात चमचाभर हिरडा-बेहडा-आवळा जमेला लिहिलेला असतो. खातं कायम जुळलेलं. वैद्यकापेक्षा हे अकाउंट्सच्या जवळचं आहे असं माझं मत. त्यांना निरोगी राहण्यापेक्षा निर्दोष राहण्याची काळजी जास्त.

काका डोंबिवलीहून येतात, कंपनीच्या बसनं, शिळफाट्यावरून. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळीच्या फराळानंतर काकांनी आतली सफाई काढली. रात्री सोनामुखी घेतली. नेहमी चिमूटभर, या खेपेला चकल्यांच्या मानानं. सकाळी "काहीच झालं नाही" म्हणून कोमट पाण्याबरोबर आणखी थोडी घेतली आणि बसमध्ये खिडकीजवळ बसले. काटई नाका ओलांडला आणि वाहतूक थिजली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, बाजूला टँकर. एरवी शिळफाट्याच्या कोंडीवर सर्वांत मोठ्यानं बोलणारे काका गप्प झाले. मग कपाळ पुसू लागले. मग त्यांनी शेजारच्याची डब्याची पिशवी घट्ट धरली. मग उठले. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच मागून," एवढं म्हणून, वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं खाली उतरून दोन ट्रकांच्या फटीतून ते रस्त्याकडेच्या एका हॉटेलाच्या दिशेनं नाहीसे झाले. बस जागची हलली तेव्हा काका परत आलेले होते, यावरून कोंडीचा अंदाज यावा. चेहरा पांढराफटक, पण नजर विजयी. बसल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "निघालं. सगळं निघालं." विचारलं कुणीच नव्हतं.

गुळवेलीचं प्रकरण जरा गंभीर. 2020 साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा सांगितला तेव्हा सगळा देश काकांच्या पंगतीला येऊन बसला आणि काकांना एकटं वाटू लागलं. म्हणून ते एक पायरी पुढं गेले, गुळवेलीवर. कडुलिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणाची म्हणतात. तशी एक त्यांना एमआयडीसीतल्याच एका कंपाउंडच्या भिंतीलगतच्या कडुलिंबावर सापडली. खाली नाला, त्यातलं पाणी वारानुसार रंग बदलणारं. शरीरातली विषं काढायची वेल तिथून तोडताना काकांच्या मनात कसलीही शंका आली नाही. पुढच्या वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं संशोधन छापलं. त्यावर मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. काकांनी या वादातून आपल्या कामाचं तेवढं उचललं: "ती खोटी होती. आपली खरी आहे." कशावरून? "कडू आहे ना."

कडूवर एवढा विश्वास ठेवू नये. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर थुंकून टाका, असं इंडियन काउन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या समितीनं सांगून ठेवलंय, कारण त्या कडूपणानं माणसं दगावलेली आहेत. त्या बातमीचं कात्रण क्वालिटीतल्या मुलीनं काकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी त्याची पुडी केली आणि तीत सुंठ बांधली.

पुड्यांत, डब्यांत न मावणाऱ्या गोष्टींतही त्यांना रस आहे. मृगाच्या आगेमागे घणसोली स्टेशनाबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि शेवळं. काकांनी शेवळांची जुडी उचलली. बाई सोबत काकडाची फळं देऊ लागली तर म्हणाले, "ही नकोत, नुसती शेवळं द्या." ती म्हणाली, "सायेब, काकडं घातल्याबिगर खायाची नाय. घसा खाजंल." काका हसले. बाईंना पाककृती ठाऊक असेल, गुण कुठं ठाऊक? दुसऱ्या दिवशी घरून कच्च्या शेवळांचा रस करून आणला, लिव्हरसाठी, आणि साडेदहाला सर्वांसमक्ष प्यायले. दहा पस्तीसला त्यांनी गळ्याला हात लावला. पुढं दिवसभर काका बोलले नाहीत. खुणेनं ताक मागत होते. त्या दिवशी मजल्यावर इतकं काम झालं की साहेबांनी विचारलं, आज काही विशेष?

मागच्या वार्षिक तपासणीत काकांचा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, नेमस्त मर्यादेच्या तिप्पट निघाला. कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत? "छे, औषध एकही नाही. सगळं नैसर्गिक." डॉक्टर मुरलेले होते. त्यांनी टेबलावर कागद ठेवला आणि नैसर्गिकाची यादी करायला लावली. कागद पुरला नाही, मागची बाजू वापरावी लागली. हुकूम झाला: दोन महिने सगळं बंद. चूर्ण, रस, काढा, काही नाही. शिवाय रात्रीचं जेवण निम्मं करा, आठवड्यातून एक वेळ उपास धरा, टपरी सोडा.

डबी खिशातून गेली. काका सुतक लागल्यासारखे वावरत होते. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, एसजीपीटी चाळिसाच्या आत. त्यांनी तो कागद मजलाभर फिरवला. "बघा! काढ्याचा गुण. मुरायला वेळ लागतो. बंद केल्यावर दिसतो."

"आणि उपासाचं काय काका?" मुलीनं विचारलं. "रात्रीचं जेवण निम्मं?"

काकांनी कागदाची घडी घातली, वडापावाचा पुडा सोडला आणि मान हलवली. "ॲलोपॅथीवाले बाळा ते. माणसाला उपाशी ठेवण्यापलीकडं त्यांना दुसरं येतं काय?"