माननीय स्लॉट यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय स्लॉट,
मुक्काम : कोरोना लसीकरणाचं पोर्टल,
पिनकोड : बदलता.

विषय : २०२१ साली दिलेल्या दर्शनाबद्दल आभार मानणे व काही थकीत बाबी निदर्शनास आणणे याबाबत.

महोदय,

आपण मला ओळखणार नाही. आपल्या दारात रोज कोट्यवधी माणसं उभी असत, त्यातला मी एक, राहणार पुणे. ओळख पटावी म्हणून आपण मला एक लांबलचक क्रमांक दिला होता आणि त्यातले शेवटचे चार अंक जपून ठेवायला सांगितले होते. तेही आता हरवले.

पण आपल्याला मी विसरलेलो नाही. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी सुरू झाली आणि सगळा देश एकदमच आत शिरायला गेला. पोर्टल आधी गरगरलं, मग गप्प बसलं, मग कधीतरी रात्री म्हणालं, नोंदणी झाली. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. नोंदणी म्हणजे नाव लागलं, नंबर नव्हे, हे दुसऱ्या दिवशी कळलं. नंबर आपल्या हातात होता, आणि आपण कुठे राहता, कधी बाहेर पडता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी आठला येतात, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांच्या साडूकडून ऐकलं होतं. साडूंनी ते कुणाकडून ऐकलं होतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

मग आपली आराधना सुरू झाली. ओटीपी मागवायचा, तो तीन मिनिटांत शिळा व्हायचा आणि नेमका चौथ्या मिनिटाला यायचा. त्यापुढे ती वाकडीतिकडी अक्षरं. मी यंत्र नसून माणूस आहे, हे मी त्या दिवसांत जितक्या वेळा सिद्ध केलं, तितकं उभ्या आयुष्यात बायकोपुढेही करावं लागलं नव्हतं. आणि मग आपण दिसायचात. हिरवे! बोट पुढे न्यावं तर लाल. मधल्या क्षणात कोण येऊन गेलं, देव जाणे.

खरं सांगतो, आपल्या निःपक्षपातीपणाचं मला फार कौतुक वाटायचं. या देशात गॅसपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे वशिला चालतो, आपल्याकडे तो चालत नव्हता. आपल्यापुढे सगळे सारखे. ज्याच्या हातात स्मार्टफोन, घरात वायफाय, दिवसभराची सवड, इंग्रजीची सवय आणि दारात चारचाकी आहे, असा कुठलाही सर्वसामान्य माणूस आपल्यापर्यंत पोहोचू शकत होता. काही नतद्रष्टांनी यावरही बोटं मोडली. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असं केंद्राला विचारलं. त्यानंतर जूनमध्ये पोर्टलला मराठी येऊ लागली. तोवर इंग्रजी येणाऱ्यांचे दंड टोचून बऱ्यापैकी झाले होते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी तर आपलं नावच ऐकलं नव्हतं. त्यांचं वय पंचेचाळिसाच्या वरचं, त्यामुळे त्यांना एक एप्रिलपासूनच लस घेता येत होती, तीही थेट केंद्रावर जाऊन. त्या पहाटे उठून रांगेत चप्पल ठेवून यायच्या, टोकनं संपली की कामाला यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत चप्पल. मी त्यांना म्हटलं, मावशी, ऑनलाइन करून देतो. ओटीपी मुलाच्या फोनवर जायचा, मुलगा रिक्षा घेऊन बाहेर, त्याचा फोन खिशात, आणि तीन मिनिटं म्हणजे रिक्षाचा एक सिग्नल. मावशी म्हणाल्या, “राहू द्या दादा, माझी चप्पल बरी.” त्यांना माझ्याआधी लस मिळाली, हे आपल्या कानावर घालून ठेवतो.

मला आपण भेटलात ते भाच्याच्या कृपेने. तो हिंजवडीत काम करतो, म्हणजे तेव्हा स्वतःच्या बेडरूममध्ये करायचा. त्याने एका रात्रीत एक प्रोग्रॅम लिहिला : आपण जिल्ह्यात कुठेही हिरवे झालात की त्याच्या लॅपटॉपवर कोंबडा आरवायचा. मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा रात्री जेवताना कोंबडा आरवला, आणि हात न धुता आम्ही आपल्याला पकडलं. आपण वेल्हे तालुक्यात होतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. कोविशिल्ड तयार व्हायची ती मांजरीत, आमच्या शहराला लागून. १२ जानेवारीला पहाटे नारळ वाढवून पहिले ट्रक तिथूनच निघाले, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर हात जोडून उभे होतो. जगाला लस देणारं गाव आपलं, म्हणून छातीही फुगली होती. आठ दिवसांत ती लस विमानाने भूतानला आणि मालदीवला पोहोचली. मांजरीहून कोथरूडला यायला मात्र तिला वाट सापडेना. तिला भेटायला मला तोरण्याच्या पायथ्याशी जावं लागलं. पुणेकराला पुण्याबाहेर काही चांगलं मिळतं, हे कबूल करायला लावणारे आपण पहिलेच.

प्रवास उत्तम झाला. संचारबंदीत घराबाहेर पडायला असं बळकट कारण मिळणं म्हणजे भाग्यच. नाक्यावर पोलिसाने काठी आडवी केली, मी मोबाईलवर आपलं नाव दाखवलं, त्याने काठी बाजूला घेतली. बायकोने डब्यात थालीपीठ दिलं होतं. आरोग्य केंद्राने लसीकरणासाठी जिल्हा परिषदेची शाळा घेतली होती आणि शाळेच्या मैदानात एमएच बारा आणि एमएच चौदाच्या गाड्या इतक्या लागल्या होत्या की क्षणभर आपण लक्ष्मी रोडला आलो की काय असं वाटलं. सगळे ओळखीच्या चेहऱ्यांचे. कुणी सनस्क्रीन लावत होतं, कुणी विचारत होतं, इथे जवळपास मिसळ कुठे मिळेल.

फाटकाशी एक मुलगा उभा होता. तिशीचा असेल. त्याचं घर शाळेच्या भिंतीला लागून.

“ऑनलाइन आहे का?” दारातल्या सेविकेने विचारलं.

“मी हितलाच हाय की.”

“इथलं चालत नाही. ऑनलाइन लागतं.”

त्याने एकवार माझ्याकडे, एकवार माझ्या गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे ऑनलाइन होतं. माझं नाव यादीत वरून तिसरं होतं, पिनकोड कोथरूडचा, केंद्र वेल्हे, आणि सगळं अगदी नियमात. मी पुढे झालो.

सिस्टरांचा हात फार हलका होता. खांदा सैल सोडा म्हणाल्या, आणि सैल सोडेपर्यंत झालंही. अर्धा मिलिलिटर. त्यासाठी एवढा घाट! एका बाटलीत दहा डोस, आणि बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं फेकायचं. त्यामुळे सिस्टर सुई टोचता टोचता मनात माणसं मोजत होत्या. मला तीस मिनिटं निरीक्षणासाठी पहिलीच्या बाकावर बसवलं होतं, तेव्हा ऐकू आलं : पुण्याहून येणारे एक जण आलेच नव्हते. फोनही उचलत नव्हते. बाटलीत एक डोस उरला होता.

सिस्टरांनी फाटकाकडे पाहिलं. मुलगा अजून तिथेच होता. मग त्यांनी संगणकावर बसलेल्या पोराकडे पाहिलं, आणि त्या पोराने पडद्याकडे. पडद्यावर आपण होतात. आपल्या यादीत तो नव्हता. पुढे काय ठरलं ते मला ठाऊक नाही, माझी तीस मिनिटं भरली आणि मला परत निघायचं होतं. केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर पंचेचाळिसाच्या आतल्या आमच्या वयोगटाला थेट नोंदणीची मुभा दिली ती २४ मे रोजी, डोस वाया जाऊ नयेत म्हणून. म्हणजे आपल्याला ते सुचायला तीन आठवडे लागले. सिस्टरांना एक नजर पुरली होती.

रात्री मला सणसणून ताप आला. तापाचा मला अभिमान होता, कारण त्या दिवसांत ताप हीच पावती मानली जायची. पुढे कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात मेअखेरीस झालेलं लसीकरण शिबिर बोगस निघालं. तिथे संशय यायचं एक कारण हेच, की शेकडो माणसांना टोचूनही कुणाला साधी कणकणसुद्धा आली नाही. ते बिचारे आपल्याला टाळून लस घ्यायला गेले होते. आपण सूड घेत असाल असं मी म्हणत नाही.

दुसऱ्या डोसचं सांगायचं राहिलं. सिस्टरांनी सहा ते आठ आठवड्यांनी या म्हणून सांगितलं होतं. १३ मे रोजी जाहीर झालं की बारा ते सोळा आठवडे थांबलेलंच चांगलं, शरीरात जास्त प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामागे शास्त्र होतं, नाही असं नाही, परदेशातला अभ्यास होता. पण महाराष्ट्राने साठ्याअभावी आमच्या वयोगटाचं लसीकरण थांबवलं तेही त्याच आठवड्यात. शास्त्राला आणि गोदामाला एकाच वेळी एकच गोष्ट सुचते, हा योग दुर्मीळच. आईने मात्र शास्त्रावर भरवसा न ठेवता स्वतः प्रयोग केला. लस घेतल्यावर अंगाला चमचे चिकटतात अशी नाशिकची बातमी आली, त्या दुपारी तिने फोडणीचा चमचा दंडाला लावून पाहिला. पडला. “सरकारी माल,” असं म्हणून तिने तो पुन्हा डाळीत घातला.

मग आपले दिवस फिरले. १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोसवाल्यांना प्रवेश मिळू लागला, तेव्हा आपल्या प्रमाणपत्राला थोडा भाव आला. मुंबईच्या नातेवाइकांनी ते पाकिटात लक्ष्मीच्या फोटोशेजारी ठेवलं. नोव्हेंबरमध्ये तर आशाताईच घरोघर फिरून दार वाजवू लागल्या : कुणी राहिलंय का? तेच औषध, तीच शीतपेटी, पण आता आपण कुठेच नव्हतात. एक वही होती आणि एक पेन. २०२२ च्या जुलैत तिसरा डोस पंचाहत्तर दिवस फुकट केला, अमृत महोत्सव म्हणून, आणि आपण जिल्हाभर हिरवेगार पसरलात. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ज्यांनी आपल्यासाठी रात्री जागवल्या तेही, पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून सुट्टीला कोकणात गेले.

आता आपल्याकडे वेळ आहे, म्हणून थकीत बाब लिहितो. वेल्ह्याच्या त्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचं घर सांगितलं आहे : शाळेच्या भिंतीला लागून, फाटकाच्या डावीकडे. आपल्या नोंदवहीत त्याला शोधून त्याला कोणत्या तारखेला, कोणत्या बाटलीतून लस मिळाली, ते कळवावं. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन होता, ओटीपीचा मेसेज त्यावरही येतो. मिळाली नसल्यास तसंही कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लाभार्थी

ता. क. : भाच्याचा प्रोग्रॅम त्याच्या जुन्या लॅपटॉपवर तसाच चालू राहिला होता. त्या जुलैत कोंबडा असा आरवायला लागला की थांबेना, शेजाऱ्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. शेवटी भाच्याने आपल्याला अनइन्स्टॉल केलं. कृपया मनाला लावून घेऊ नये.