सवलतीतला पाऊस

ऐन पावसाळ्यात थायलंडला निघणाऱ्या गृहस्थांना आपण ऑफसीझनराव म्हणू. जुलैत फुकेतचं हॉटेल निम्म्या भावात दिसलं की यांच्या अंगात येतं. कुणी पावसाची आठवण करून दिलीच, तर उत्तर तयार असतं : "अहो, आम्ही मुंबईकर! आम्हाला पाऊस दाखवता?" युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. बँकॉकला वर्षभरात पडतो साधारण दीड हजार मिलिमीटर. तेवढा मुंबई जून-जुलैतच जवळपास उरकते. पण फुकेतला प्रश्न मिलिमीटरचा नाहीच, वाऱ्याचा आहे. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याचा मान राखून आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ठेवतात, त्याच मोसमी वाऱ्यानं तिकडे अंदमान समुद्र खवळतो. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, आणि माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मग राव दुकानातला कचऱ्याच्या पिशवीइतका पातळ रेनकोट चढवून 'सी-व्ह्यू' बाल्कनीत उभे राहतात आणि किती वाचले ते वहिनींना पुन्हा सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की उतरलेला भाव हाच तिथला खरा हवामानाचा अंदाज. राव त्याला स्वतःची हुशारी समजतात.

यावर कुणी म्हणेल, पावसाळ्यात तिकडे जाऊच नये की काय? खुशाल जावं. बँकॉक, चियांग माईकडे पाऊस बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळून मोकळा होतो, देवळांत गर्दी कमी, गाड्यांवर मँगोस्टीन आणि रामबुतानचे ढीग. पण रावांना बीच हवाच. तर त्याच देशाच्या पूर्वेकडे, आखातात, को सामुई आहे. मधल्या डोंगरांच्या आडोशामुळे जुलैत तिथे पाऊस बेताचा असतो. मात्र हे हॉटेलवाल्यांनाही ठाऊक असल्यानं भाव उतरत नाही, आणि न उतरलेल्या भावाला राव 'लूट' म्हणतात. सामुईला ते जातात दिवाळीच्या सुट्टीत, 'आता पाऊस संपला' म्हणून. ईशान्य मोसमी पाऊस तिथे तेव्हाच झोडपतो, नोव्हेंबरात सर्वांत जास्त. हॉटेलं साहजिकच स्वस्त. हा निव्वळ योगायोग, असं रावांची बाजू घेणारे म्हणतील. असेलही. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथला पावसाळा जानेवारीत ऐन भरात असतो. राव सध्या तिथलीच हॉटेलं बघताहेत. भाव म्हणे फारच चांगला मिळतोय.