लेन राहिली, जावई सुधारले

टोरांटो,
10 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,


परवा बाबांनी विचारलं, "सायकलच्या एवढ्याशा पट्टीसाठी कोर्टकचेरी?" आई मध्येच लोणच्याकडे वळली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हे सविस्तर.

ब्लोर, यंग आणि युनिव्हर्सिटी हे इथले तीन मोठे रस्ते. तिन्हींवर सायकलींसाठी वेगळ्या लेन आहेत. ओंटारिओचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डग फोर्ड यांचं म्हणणं, ट्रॅफिक तुंबतं ते या लेनमुळेच. त्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये कायदाच केला की या रस्त्यांवरच्या लेन उखडा. रस्ता महापालिकेचा, हुकूम राज्याचा. बाबा, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. नुसत्या उखडण्याचा खर्च महापालिकेच्या अंदाजाने किमान 4.8 कोटी डॉलर. आई, रुपयांत करू नकोस, बीपी वाढेल.

फोर्ड यांच्या घरात हे नवीन नाही. त्यांचे धाकटे बंधू रॉब फोर्ड महापौर होते तेव्हा, 2012 मध्ये, जार्विस स्ट्रीटवरची लेन अशीच पुसली गेली. लोक मशीनसमोर आडवे झाले, तरी लेन गेली ती गेलीच.

या वेळी आमची अख्खी गल्ली कामाला लागली. कुणी आमदारांना पत्रं लिहिली, कुणी सह्या गोळा केल्या, समोरच्या आजी घडीची खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्या सायकली मोजत बसल्या. तुमचे जावई विधानभवनासमोरच्या निदर्शनांना आले, पण कारने! पार्किंग शोधेपर्यंत अर्धी भाषणं संपली होती. वर फलक केला होता जपून ठेवलेल्या आंब्याच्या खोक्याचा. पुढे "लेन वाचवा" इंग्रजीत, मागे "रत्नागिरी हापूस" मराठीत. मागच्या बाईंनी अदबीने विचारलं, "ही तुमची संघटना का?" हे म्हणाले, "हो, फार जुनी आहे."

'सायकल टोरांटो' ही संघटना आणि दोन सायकलस्वार कोर्टात गेले. 30 जुलैला निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, लेन काढल्या तर सायकलवाल्यांच्या जिवाला धोका वाढेल; कोंडी सुटेल असा मात्र पुरावा नाही. लेन काढणं हा घटनेने दिलेल्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काचा भंग आहे. लेन काढून कोंडी फारशी कमी होणार नाही, हे सरकारला त्याच्याच तज्ज्ञांनी सांगितलं होतं म्हणे! सरकारने अपिलात जाणार असं लगेच सांगितलं, म्हणून पेढे निम्मेच वाटले. निम्मे फ्रीजमध्ये आहेत.

तर बाबा, पट्टी एवढीशीच आहे, पण तिच्यावरून तुमची नात रोज शाळेत जाते. आपल्या पुण्यातल्या सातारा रोडवरच्या सायकल ट्रॅकवर स्कूटर लागल्या, टपऱ्या आल्या, आणि आपण "चालायचंच" म्हणून कडेने गेलो. इथले लोक काही आपल्याहून शहाणे नाहीत. फक्त चिवट आहेत, आणि मीटिंगला वेळेवर येतात. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, दुपार मोकळी असते. महापालिकेला एक अर्ज टाकाच. पोच मात्र सही-शिक्क्यानिशी घ्या.

आई, लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही.

तुमची,
सोनू

ता. क. : जावई आता सायकल घेणार म्हणतात. तूर्त हेल्मेट आलं आहे. ते घालून कार चालवू नका, एवढं मी सांगितलं आहे.